शनिवारी दुपारी दोनचा रेडिओ

पाचात साडेतीन. आकडा आधीच देऊन टाकते, ज्यांना तेवढंच बघायचं असतं ते मोकळे. बाकीच्यांनी जरा बसा, कारण हा कार्यक्रम मी एकटीनं ऐकलेला नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत, मिरजकर तिकटीच्या अंगाला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. सकाळी दहाला शटर वर गेलं की रेडिओ लागतो तो कुलूप लावेपर्यंत. ओळीनं तेरा शनिवार, दुपारी दोन ते अडीच, समोर जी कोण गिऱ्हाईक असेल तिच्यासकट आम्ही हा कार्यक्रम ऐकला. विषय होता, घरातल्या घरात मुलांवर होणारे अत्याचार.

कार्यक्रमाचं नाव मी लिहीत नाही, केंद्राचंही नाही. सातव्या भागात एका बाईचा फोन लागला. बोलता बोलता तिनं गावाचं नाव घेतलं, दिराचा धंदा सांगितला, पोरगी कितवीत आहे तेही सांगितलं, आणि निवेदिका नुसती ‘हं, हं’ करत राहिली. तो भाग अजून मोबाइलवर ऐकायला मिळतो. नाव दिलं तर कुणीतरी शोधून ऐकणार, आणि त्या गावात ते घर सापडायला एक चहा होईल एवढाही वेळ लागणार नाही. अशा मुलाची ओळख लोकांपुढं येईल असं काहीही द्यायचं नाही, हे पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं, तेविसावं कलम. ते आम्हाला याच कार्यक्रमानं चौथ्या भागात शिकवलं होतं! अर्धा गुण तिथंच कापला.

माझा गाळा दहा बाय बाराचा. मी कटिंगच्या टेबलाशी उभी, एक पोरगी मशीनवर, दुसरी खाली बसून हुक आणि काजं करते. शाहू स्टेडियमवर मॅच असली की गल्लीतले बापे आणि पोरं सगळी तिकडं पळतात, रस्ता मोकळा होतो, आणि आमचा रेडिओ पलीकडच्या गिरणीपर्यंत ऐकू जातो. त्या वेळी दुकानात फक्त बायका. कार्यक्रमवाल्यांनी ही वेळ विचार करून निवडली असेल तर त्यांना मानलं. चुकून मिळाली असेल तर नशीब चांगलं. हाच कार्यक्रम रविवारी रात्री साडेनऊला पुन्हा लागायचा. तेव्हा घरात सगळे जेवायला बसलेले असतात. त्या वेळेला तो कुणी लावला असेल असं मला वाटत नाही. मीही लावला नाही.

पहिल्या भागाला जे व्हायचं तेच झालं. फॉल-पिकोला साडी घेऊन आलेल्या एक काकू पाचव्या मिनिटाला म्हणाल्या, “आक्का, बंद कर की ते. पोरी बसल्यात इथं.” ‘पोरी’ म्हणजे माझ्या दोन कामवाल्या, एक एकोणीस वर्षांची, एक बावीसची. मी आवाज कमी केला, बंद केला नाही. खाली बसलेली पोरगी रेडिओच्या बाजूला सरकली. काजं करायला तिथं उजेड कमी, तरी सरकली.

बांधणी दर वेळी एकच. आधी पाच-सात मिनिटं एका मोठ्या झालेल्या माणसाची हकिकत, नाव-गाव बदलून, नटाच्या किंवा नटीच्या आवाजात. मग समुपदेशक. मग कधी वकील, कधी मुलांचे डॉक्टर. शेवटी दोन-तीन फोन. हकिकती फार चांगल्या केल्यात. रडारड नाही, किंचाळ्या नाहीत. तिसऱ्या भागातली बाई एवढंच सांगते की उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडं जायचं म्हटलं की तिचं पोट दुखायला लागायचं, आणि आई दर वर्षी ओवा खायला द्यायची. बस. मामानं काय केलं ते ती सांगतच नाही. मग चार सेकंद काही नाही. रेडिओवर चार सेकंद म्हणजे फार, आपल्याला वाटतं लाइट गेली. मशीनवरच्या पोरीनं पाय थांबवला होता.

आणि त्या चार सेकंदांनंतर बासरी! कुणी सुचवली काय माहीत. मयताच्या घरी लावल्यासारखी रडकी बासरी, तेरा भाग तीच. आपण आत काहीतरी गिळत असतो आणि वरून ही.

दुसरी तक्रार भाषेची. समुपदेशक बाई मनानं चांगल्या असाव्यात, पण पुस्तक बोलतात. ‘बालकाचे लैंगिक शोषण’, ‘अनुचित स्पर्श’, ‘विश्वासार्ह प्रौढ व्यक्ती’. आमच्यातल्या बायका या गोष्टीबद्दल बोलतात तेव्हा ‘अंगाशी येतो’ म्हणतात, ‘चाळे करतो’ म्हणतात, किंवा नुसतंच ‘तसलं’ म्हणतात आणि भुवया वर करतात. मशीनवरच्या पोरीनं मला विचारलं, “काकी, अनुचित म्हणजे?” मी म्हटलं, “नको तो.” ती म्हणाली, “मग तसं म्हणायचं की.” सहाव्या भागापासून बाईंनी बऱ्यापैकी सोपं केलं, कुणीतरी कळवलं असावं. पण ‘विश्वासार्ह प्रौढ व्यक्ती’ शेवटपर्यंत राहिली. मुलानं विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगावं म्हणे. अहो, तो मामा विश्वासातलाच होता की.

वकीलबाई मात्र एक नंबर. चौथा भाग तेवढा कुणीही ऐकावा. कागद वाचत नव्हत्या, समोर बसून सांगितल्यासारखं बोलत होत्या. पॉक्सो कायदा २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. अठरा वर्षांच्या आतलं कुणीही, मुलगी असो नाहीतर मुलगा. करणारा नात्यातला असेल तर गुन्हा आणखी गंभीर धरतात, शिक्षा जास्त. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथं घ्यायचा, शक्यतो बाई अधिकाऱ्यानं, आणि अंगावर वर्दी नको. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचं नाही. यातलं आम्हाला काहीही माहीत नव्हतं. आमच्या डोक्यात पोलीस म्हणजे ठाण्याच्या बाकड्यावर दिवसभर बसणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं तोंड बघणं.

मग त्यांनी एकोणिसावं आणि एकविसावं कलम सांगितलं. ज्याला असा गुन्हा झाल्याचं कळलंय त्यानं कळवलंच पाहिजे. नाही कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. मूल स्वतः गप्प राहिलं तर त्याला शिक्षा नाही, पण मोठ्यांना आहे. दुकानात तेव्हा आम्ही पाच जणी होतो. एक वैनी माप द्यायला हात वर करून उभ्या होत्या, टेप माझ्या हातात. त्या म्हणाल्या, “म्हणजे जाऊबाईच्या घरातलं मला कळलं आणि मी गप्प बसले तर मी आत?” कुणी उत्तर दिलं नाही. मी दंडाचं माप दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वहीत लिहायचं विसरले.

त्यानंतर गिऱ्हाइकांचे सरळ दोन तट पडले. एकीचं म्हणणं, हे असलं मुंबई-पुण्याकडं, आपल्याकडं माणसं अजून धरून आहेत. दुसरीचं म्हणणं, होतं सगळीकडं, पण रेडिओवर सांगून घराची अब्रू कशाला घालवायची. तिसरा तट नव्हताच. ‘आमच्या घरात झालं’ म्हणणारी कुणी नव्हती, आणि ‘आमच्या घरात होऊ शकतं’ म्हणणारीही नव्हती. घरातलं घरात ठेवायचं ही कोल्हापूरची रीत आहे म्हणणाऱ्या काकूंना मी एकदा बोलले. म्हटलं, काकू, शाहू महाराजांनी १९१९ साली घरात बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता, इथंच, आपल्या संस्थानात. तेव्हा कुणाच्या घराची अब्रू गेली? काकू म्हणाल्या, “महाराज वेगळे होते.” यावर काय बोलणार.

आकड्यांचा भाग पाचवा. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयानं २००७ साली अहवाल काढला होता. तेरा राज्यं, बारा हजार चारशे सत्तेचाळीस मुलं. त्यातल्या निम्म्याहून जास्त, ५३.२२ टक्के मुलांनी सांगितलं की कुठल्या ना कुठल्या प्रकारे लैंगिक छळ झालाय. त्यात पोरींपेक्षा पोरं किंचित जास्त होती. आमच्या दुकानात यावर कुणी विश्वास ठेवला नाही. “निम्मी? काहीतरीच.” पोरांचं ऐकून तर दोघी हसल्या. वाईट हसू नव्हतं ते, ऐकायची सवय नसली की येतं तसं. मुलग्यांवर तेरा भागांत एकच भाग केला, तोही शेवटून दुसरा, आणि त्या दिवशी हकिकत सांगणारा नट इतका भारदस्त आवाजाचा की तो कधी लहान असेल असं वाटेचना. इथं कार्यक्रम कमी पडला.

आता आठव्या भागाकडं येते, कारण खरं भांडण तिथं झालं.

तोवर सगळ्या बायका रुळल्या होत्या. पहिल्या भागाला बंद कर म्हणणाऱ्या काकूसुद्धा आता “त्या मेल्याला फाशी द्यायला पाहिजे” इथपर्यंत आल्या होत्या. मामा, काका, शेजारी, क्लासचा मास्तर, सगळ्यांना आम्ही मनातल्या मनात बिंदू चौकात उभं केलं होतं. आठवा भाग मारहाणीवर होता. आई-बापानं मुलाला मारण्यावर. त्याच २००७ च्या अहवालातलं आहे, दर तीन मुलांत दोघांना मार बसलेला, आणि घरात मार खाणाऱ्यांतल्या ८८.६ टक्क्यांना मारणारे आई-वडीलच.

झालं. दुकान पेटलं. “आता पोरांना मारायचंही नाही का?” “आमच्या आप्पांनी पट्ट्यानं फोडलं म्हणून तर आम्ही सरळ निघालो.” “ह्यांना काय जातंय बोलायला, ह्यांची पोरं सांभाळायला बाई असेल.” समुपदेशक बाईंना पोरं तरी आहेत का, इथपर्यंत गेलं. सात भाग ज्या बाईला डोक्यावर घेतलं तिला अर्ध्या तासात खाली आपटलं. मीही त्यात होते. रेडिओ मीच बंद केला, कार्यक्रम संपायला सात मिनिटं असताना. तेरा भागांत एकदाच.

माझ्या टेबलावर कटिंगची लाकडी पट्टी आहे, मीटरची. तिचा एक कोपरा तुटलाय. कशानं तुटला ते मला माहीत आहे आणि माझ्या धाकट्याला माहीत आहे. तेव्हा तो चौथीत होता. आता शिरोली एमआयडीसीत कामाला आहे. दुकानात आला की टेबलाला टेकून उभा राहतो, हातात काहीबाही घेऊन चाळा करायची त्याला सवय आहे. खडू घेतो, टेप घेतो, बॉबिन फिरवतो. पट्टी घेत नाही. हे मला इतकी वर्षं दिसलं नव्हतं. त्या सात मिनिटांत काय होतं ते मी नंतर मोबाइलवर, कानात घालून ऐकलं. बाई म्हणत होत्या की मारल्यावर मुलाला आपलं काय चुकलं ते आठवत नाही, मार आठवतो. भाषा सोपी होती त्या दिवशी. बासरी होतीच.

तर लोकांचं मत म्हणून विचाराल तर माझं निरीक्षण हे. गुन्हेगार दुसरा असला की कार्यक्रम चांगला, आपल्याकडं बोट आलं की कार्यक्रम बोगस. आठव्या भागानंतर तीन गिऱ्हाइकांनी शनिवारी दुपारी यायचं सोडलं. एकीनं तर स्पष्ट सांगितलं, “तुझं ते संपलं की फोन कर, मी येतो.”

नंबराचं सांगायचं राहिलं. १०९८, चाइल्डलाइन. फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही. १९९६ साली मुंबईत सुरू झाला, आता सरकार चालवतं. कार्यक्रमात तो प्रत्येक भागात दोनदा सांगायचे, सावकाश, ‘दहा, नऊ, आठ’ असं. हे फार बरोबर केलं. रेडिओवरचा नंबर लिहून घ्यायला कुणाजवळ पेन नसतं. आमच्या काजंवालीनं तो मार्किंगच्या खडूनं टेबलाच्या कडेला लिहून ठेवला. दिवसभर कापड ओढून तो पुसायचा, सकाळी ती परत लिहायची. माप द्यायला उभी राहिलेली बाई खाली बघते, तिथं नेमका तो. कुणी विचारलं नाही हा कशाचा नंबर म्हणून. एकदा दोन पोरींना घेऊन आलेल्या एका बाईनं तो हळूच मोबाइलमध्ये घातलेला मी पाहिला. गिऱ्हाईक नवीन होतं. मीही काही विचारलं नाही, पोरींना गोळ्या दिल्या.

आता सगळ्यात मोठी तक्रार, जिच्यासाठी मी खरं तर लिहायला बसले.

दुसऱ्या शनिवारपासून एक बाई यायला लागली. पन्नाशीची, माझ्याच वयाची. शिवाजी पेठेतली, बरं घर, अंगावर नीट कापड. पहिल्यांदा आली तेव्हा जांभळ्या काठाचा ब्लाउज घेऊन आली, शिवलेला माझाच. म्हणाली, काखेत घट्ट होतोय, सैल कर. आमच्यात प्रत्येक ब्लाउजला आत दोन बोटं माया ठेवतात, बाई पुढंमागं सुटते म्हणून. मी पाव इंच सोडला. पुढच्या शनिवारी दोनला पाच कमी असताना परत तोच ब्लाउज, “अजून जरा सोड.” स्टुलावर बसायची, पिशवी मांडीवर, अडीचला उठायची. इतर बायका वाद घालायच्या तेव्हा ही टेबलाच्या पायाकडं बघत असायची. आठव्या भागाला मी रेडिओ बंद केला तेव्हा ती फक्त म्हणाली, “राहू दे की.” आणि मी नाही लावला, त्याचं आता वाईट वाटतं.

दहाव्या भागानंतर दुकान रिकामं असताना तिनं मला विचारलं, “हे किती वर्षांनी सांगितलेलं चालतं गं?” मी म्हटलं मला ठाऊक नाही, रेडिओवाल्यांना विचारू. तिचं नाव न घालता मी व्हॉट्सअॅप केलं, कार्यक्रमाच्या नंबरावर. लिहिलं की कायदा २०१२ चा आहे तर त्याच्या तीस-चाळीस वर्षं आधी ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांनी काय करायचं? त्यांना काय कायदा? आणि कायदा जाऊ दे, त्यांनी कुणाशी बोलायचं? १०९८ तर मुलांसाठी आहे. दोन निळ्या खुणा आल्या. अकरावा, बारावा, तेरावा भाग गेला. तेराव्यात श्रोत्यांची पत्रं वाचली, त्यात कार्यक्रमाची स्तुती होती, एका शाळेनं मुलांना ऐकवल्याचं होतं. माझं नव्हतं.

तेरा भाग हे लोक आयांशी बोलत होते. तुमच्या मुलाकडं लक्ष ठेवा, तुमच्या मुलाचं ऐका, तुमच्या मुलाला हे शिकवा. सगळं बरोबर. पण शनिवारी दुपारी दोन वाजता रेडिओ ऐकतं कोण? गिरणीवाली, मी, फॉल-पिकोच्या काकू, स्टुलावरची ती. आमची मुलं मोठी झाली. आमच्यातली कुणी ऐकताना आई म्हणून ऐकत नव्हती. हकिकतीतली ती मोठी झालेली बाई पाच मिनिटं बोलायची आणि मग कुणी तिच्याकडं वळून बघायचंच नाही, लगेच ‘तर पालकांनो’. तिचं पुढं काय झालं, ती आता झोपते का, त्या मामाच्या तेराव्याला तिला जावं लागलं का, हे एकदाही विचारलं नाही. एक गुण इथं कापला. खरं तर दोन कापायला हवे होते, वकीलबाईंमुळं एकच कापला.

पुढचा हंगाम येणार आहे असं शेवटी जाहीर केलंय. तोवर जुने भाग कुणाला मिळाले तर चौथा आधी ऐका. आठवा पूर्ण ऐका, मधे बंद करू नका. सातवा सोडून द्या.

गेल्या शनिवारी त्या वेळेला जुनी गाणी लागली होती. ती बाई दोनला पाच कमी असताना आली, स्टुलावर बसली, अर्धा तास गाणी ऐकली. मग पिशवीतून तोच जांभळ्या काठाचा ब्लाउज काढला. म्हणाली, अजून थोडा सोड. मी उलटा करून बघितला. आत माया उरली नव्हती, शिवण काठाला आली होती. म्हटलं, आता सोडता यायचा नाही, काखेत जोड घालावा लागेल, कापड वेगळं दिसेल.

“दिसू दे,” म्हणाली. “कधी येऊ?”

मी म्हटलं, शनिवारी ये.